शेतकरी क्रमांक माझा, चिखलणी दादांची

माझ्याकडे आता ११ आकडी शेतकरी ओळख क्रमांक आहे. मी कळव्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, वागळे इस्टेटमधल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते आणि भाताचं आवण, म्हणजे रोपं, शेवटची उपटली ते शाळेत असताना. तरी सरकारदरबारी मी शेतकरी आहे, त्यातही अत्यल्प भूधारक, त्यातही महिला. अनुदानाच्या भाषेत याहून चांगलं जमून येत नाही. आणि मुरबाड तालुक्यातल्या आमच्या जमिनीत गेली वीसेक वर्षं चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी करणारे गावातले दादा (माझा भाऊ नव्हे) कुठल्याच यादीत नाहीत. हे असं का होतं ते मला बाबा गेल्यानंतर कागद गोळा करता करता कळत गेलं.

जमीन आहे सुमारे दोन एकर. खाली भाताची खाचरं, वर थोडी वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. आजोबांनंतर ती बाबांच्या नावावर आली. बाबा तरुणपणीच ठाण्याला कारखान्यात लागले आणि पुढे जमीन अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, दादांकडे गेली. लिहिलेलं काही नाही. बी-खत निम्मं निम्मं, मजुरी दादांची, आणि दिवाळीनंतर आमच्या वाट्याची पोती. पुढे शेतीत फारसं काही उरेना, तेव्हा बाबा म्हणाले, अर्धं वगैरे राहू दे, दोन पोती तांदूळ पाठव म्हणजे झालं. ते तांदूळ अजून येतात, कल्याणहून लोकलच्या मालडब्यातून.

बाबा २०२४ मध्ये गेले. वारस नोंदीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण भाऊ पुण्याला आणि मी त्यातल्या त्यात जवळ. हे काम लोक सांगतात तेवढं भयंकर नसतं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), आणि ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून अर्ज. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात मात्र कुणीच म्हणत नाही. ते वारस रजिस्टरला नोंद घेतात, फेरफार धरतात, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीची वाट बघायची, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आमची नोंद विनातक्रार झाली. सातबाऱ्यावर तीन नावं आली: आई, भाऊ, मी. नोंद होण्याआधी गावातल्या एका आत्याने विचारलंच, "तू हक्कसोड देशील ना गं?" भावानेच परस्पर उत्तर दिलं, "कशाला? धावपळ तीच करतेय." २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण आमच्याकडे तो टिकला तो भावाला मुरबाडला खेपा घालायच्या नव्हत्या म्हणून.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, सासरचं नाव लावणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल. तलाठीभाऊ स्वतःच म्हणाले, "ताई, आधारवर जे नाव आहे तेच वारसात लिहा." मी माहेरच्या नावाने लिहायला निघाले होते. पुढे शेतकरी ओळख क्रमांक काढताना कळलं की तिथलं सॉफ्टवेअर सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव किती जुळतं ते तपासतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सरळगावकडच्या एक मावशी बसल्या होत्या. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यांचं काही केल्या जुळेना. सेवा केंद्रातला मुलगा बिचारा तीन-तीनदा अक्षरं घालून बघत होता.

हा क्रमांक एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना सक्तीचा झाला. काढायला पैसे नाहीत: आधार, मोबाइलवरचा ओटीपी, आपला गट निवडायचा, संमती द्यायची. सगळ्याला मिळून पंधरा मिनिटं लागतात. दादा माझ्यासोबत आले होते. माझं झाल्यावर मी त्या मुलाला म्हटलं, आता यांचं काढ. त्याने विचारलं, "गट नंबर?" दादांनी आमचाच गट नंबर सांगितला. तो त्यांना तोंडपाठ आहे, मला अजूनही कागदात बघावा लागतो.

दादांना स्वतःची जमीन अजिबातच नाही असं नव्हे. त्यांच्या पणजोबांच्या नावचा गट आहे, त्यावर पंचवीसेक नावं. निम्मे वारलेले, काही उल्हासनगरला, काही कल्याणला, एक चुलतभाऊ कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. दादांचे वडील वारल्यावर नोंदच झाली नाही, कारण त्यांच्याही वडिलांची झालेली नव्हती. वाट्याला येईल ती चार-पाच गुंठे. तेवढ्यासाठी तीन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले जमवायचे. दादा म्हणतात, "ताई, तेवढ्या खेपांत माझी लावणी निघंल."

पीएम किसानचं बोलते, कारण लोक तेच आधी विचारतात. २०१९ च्या फेब्रुवारीत योजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, त्याच वर्षी ती काढून सगळ्या खातेदारांना खुली केली. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून तितकेच आणखी द्यायला सुरुवात केली, म्हणजे वर्षाला १२,०००. पात्रता ठरते ती जमीन कुणाच्या नावावर आहे यावरून. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख, त्या दिवशी नावावर जमीन हवी. त्यानंतर घेतलेली चालत नाही, वारसाने आलेली चालते. प्राप्तिकर भरणारे बाद, सरकारी नोकर बाद (चतुर्थ श्रेणी सोडून), १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे बाद, डॉक्टर-वकील-सीए बाद. मी आणि भाऊ प्राप्तिकरात गेलो. आई बसली. तिला प्राप्तिकर नाही आणि बाबांच्या मागे मिळणारी पेन्शन इतकी आहे की ती कुठल्याच नियमात अडकत नाही.

माझ्या मनात होतं की आईचे हे पैसे दरवर्षी दादांकडे पोहोचवायचे. आईला सांगितलं. ती म्हणाली, "का? माझ्या नावावर आलेत ना?" आयुष्यभर बाबांच्या पगारातून घरखर्चाची नोट मोजून घेतलेली बाई. बँकेचा मेसेज आला की चष्मा लावून स्वतः वाचते, मग पासबुक भरायला कळवा नाक्यापर्यंत चालत जाते. मी पुढे काही बोलले नाही. गणपतीत दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, साडी आणि दादांच्या हातात काही नोटा देते, तेवढं ती न सांगता करते. अनुदान कुणाला मिळावं यावर माझं जे मत आहे ते घरात चालत नाही, हे इथेच कबूल केलेलं बरं.

आता पॉवर टिलरकडे येते, म्हणजे हाताने धरून चालवायच्या छोट्या मशागतीच्या यंत्राकडे. दादांचे बैल म्हातारे झाले. गावात भाड्याचा ट्रॅक्टर आहे, पण आमची खाचरं उतारावर, बांध अरुंद, ट्रॅक्टर वरच्या तुकड्यांत पोहोचतच नाही. टिलर हवा होता. कृषी यांत्रिकीकरणात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के अनुदान असतं, अर्थात ठरवून दिलेली कमाल रक्कम आणि ही टक्केवारी यांत जे कमी ते. मी दोन कारणांनी ५० टक्क्यांत बसत होते. वहिनी, ज्या दर आषाढात कमरेत वाकून आमच्या खाचरांत लावणी करतात, त्यांना महिला म्हणून एक टक्काही मिळत नव्हता, कारण नावावर गुंठाभर नाही. महिलांना जास्त अनुदान हे धोरण मला पटतं. फक्त ते शोधायला सातबाऱ्यावर जातं आणि सातबाऱ्यावर शेतात राबणाऱ्या बायका क्वचितच असतात.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज केला, शुल्क २३ रुपये ६० पैसे. तिथे जमीन विचारतात, जात विचारतात, बँक खातं आधारला जोडलंय का विचारतात. तुमचा फॉर्म १६ कुणी विचारत नाही. प्राप्तिकराची अट पीएम किसानला आहे, टिलरला नाही. म्हणजे वर्षाच्या ६,००० रुपयांसाठी मी श्रीमंत आणि लाखभराच्या यंत्रासाठी गरजू. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण प्रथम कोण येणार? ज्याच्याकडे दिवसभर वायफाय आहे तो. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून अर्ज भरला. आमच्या गावाला लागून कातकरी वाडी आहे. तिथली निम्मी घरं दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. ओटीपी, केवायसी, कागद अपलोड करायची मुदत, हे सगळं त्याच महिन्यांत येऊन जातं.

निवड झाल्याचा मेसेज आला. मग सातबारा, आठ-अ, दरपत्रक, यंत्राचा तपासणी अहवाल आणि सहहिस्सेदारांचं संमतीपत्र. आई आणि भाऊ दोघांनी सह्या दिल्या. पूर्वसंमतीपत्र हातात येईपर्यंत यंत्र घ्यायचं नाही, आधी घेतलं तर अनुदान गेलं. आणि घ्यायचं ते पूर्ण पैसे मोजून. अनुदान मागाहून खात्यात येतं, कधी येईल ते तारखेने कुणी सांगत नाही. मी बचतीतून भरले. दादांच्या नावावर जमीन असती, निवडही झाली असती, तरी एवढी रक्कम एकदम त्यांनी कुठून आणली असती? गावात हे जमवून देणारे असतात. दरपत्रक घ्यायला गेले तिथला विक्रेता सहज म्हणाला, "मॅडम, बिल तुमच्या नावावर, मशीन कुणीही नेऊ दे. सातबारावाले खूप असतात आमच्याकडे, फक्त सहीला येतात." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी अजिबात नव्हती. वर चहा पण मागवला.

मग मोका तपासणी. सहायक कृषी अधिकारी बाई आल्या, वयाने माझ्याहून लहान, स्कूटीवरून, रेनकोटात. तीन-चार गावं त्यांच्याकडे. इंजिन नंबर, चासी नंबर बिलाशी ताडून पाहिले. मग लाभार्थी यंत्रासोबत हवा, फोटो जागेवरचाच हवा, त्यात अक्षांश-रेखांश उमटतात. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, चप्पल बांधावर काढून खाचरात उतरले. टिलरचं हँडल धरायला सांगितलं. मला ते नेमकं कुठे धरायचं ते कळेना. दादांनी माझा हात उचलून क्लचच्या लिव्हरवर ठेवला. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." दादा हसत बांधावर जाऊन उभे राहिले. त्या बाईंनी फोटो काढला, बघितला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नियमच तसा आहे हो ताई." त्यांना सगळं दिसत होतं. गावात कोण कसतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल, पण त्यांच्या ॲपमध्ये ते लिहायला जागा नाही.

अनुदान आलं. टिलर दादांच्या पडवीत असतो. उरलेल्या निम्म्या किमतीतला काही भाग ते सवडीने देणार आहेत, मी तगादा लावत नाही.

सगळंच असं आहे असंही नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा मोठा भार केंद्र सरकार उचलतं. दुकानात यंत्रावर अंगठा लावला की गोणी मिळते आणि अनुदान कंपनीला जातं. अंगठा कुणाचा, तर दुकानात जाणाऱ्याचा, म्हणजे दादांचा. मी बघितलेल्या योजनांत कसणाऱ्यापर्यंत सरळ पोहोचणारी ही एकच, आणि ती पोहोचते कारण पैसा गोणीत आहे, खात्यात नाही. म्हणूनच "सगळी अनुदानं बंद करा आणि पैसे थेट खात्यात टाका" असं कुणी टीव्हीवर तावातावाने म्हणालं की मी विचारते, कुणाच्या खात्यात?

पीक विम्यात खंडाने कसणाऱ्याला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार हवा. अवकाळीने भात झोपला तर पंचनामा आमच्या नावाने होतो आणि मदत आमच्या खात्यात येते. केंद्राच्या निकषाने कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर. म्हणून मी भावाला म्हटलं, दादांशी करार करून टाकू. कळव्यातली आमची जुनी खोली आपण लिव्ह अँड लायसन्सवर देतोच की अकरा-अकरा महिन्यांनी, नोंदणी करून. भाडेकरूने खोली बळकावली का? भाऊ म्हणाला, "खोलीला कूळ लागत नाही."

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि कायद्याने त्याला त्या जमिनीवर हक्क मिळू शकतो. भावाचं भय अगदीच पोकळ नाही. १९४८ च्या कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्या तारखेनंतर लागलेल्या कुळासाठीही कायद्यात कलम आहे, ३२ओ. सत्तर वर्षं होत आली तरी गावोगाव ती धास्ती आहे, म्हणून कुणी कागद करत नाही आणि कागद नाही म्हणून कसणारा कुठेच दिसत नाही. नीती आयोगाने नेमलेल्या समितीने २०१६ साली जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला होता: मालकाची मालकी अबाधित, कसणाऱ्याला कर्ज-विमा-मदतीसाठी ओळख. आंध्र प्रदेशाने २०१९ साली याच अंगाने कायदा केला, तिथे करार अकरा महिन्यांचा असतो. आमच्या खोलीसारखाच.

भावाला मी बाबांच्या ट्रंकेतला कागद दाखवला. ३२म चा दाखला. आजोबांच्या नावचा. ही जमीन मुळात आमची नव्हतीच. ती कल्याणच्या एका सावकाराची होती, आजोबा तिच्यात कूळ होते, त्याच कूळ कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली, ती त्यांनी हप्त्याहप्त्याने भरली आणि हा दाखला मिळाला. आजही सातबाऱ्यावर इतर हक्कांत कलम ४३ ची, म्हणजे विक्रीवरच्या बंधनाची, नोंद आहे. भावाने कागद नीट घडी करून परत दिला. म्हणाला, "म्हणूनच तर सांगतोय. आपल्याला माहितेय हे कसं होतं."

दादांना हे सगळं ऐकून माहीत आहे. कराराचं त्यांच्यापुढे काढलं तर म्हणाले, "नको ताई. माझा नाव कागदावं आला तर तुझ्या भावाला झोप नाय येयाची, नि मंग मला जमीन नाय ऱ्हायाची."

सध्याचा विषय आंब्याचा आहे. टिलर मिळाल्यापासून भावाला योजनांची गोडी लागली आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत १०० टक्के अनुदान आहे, कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत, तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली हवीत. ज्यांना रोजगार हमीतून फळबाग घेता येत नाही त्यांच्यासाठी ही योजना, म्हणजे पुण्यात नोकरी करणारा, जॉबकार्ड नसलेला माझा भाऊ तिच्यात चपखल बसतो. केवळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांना प्राधान्य, असंही तिच्यात लिहिलंय, पण अर्जदार कमी असले की प्राधान्याचा प्रश्नच येत नाही. माळशेजच्या रस्त्याने जा, ठाणे-मुंबईकरांच्या कुंपण घातलेल्या अशा आमराया दोन्ही बाजूंना दिसतील. वरकसात कलमं लावायला माझी हरकत नव्हती. भावाला ती खाचरं भरून घेऊन सगळ्या गटात लावायची आहेत. आंब्याला दादांची गरज वर्षातून काही दिवस, मजुरीने.

अर्जासोबतच्या कागदांत दोन संमत्या आहेत. सातबाऱ्यावर कुळाचं नाव असेल तर कुळाची संमती, आणि सामायिक खातं असेल तर सहहिस्सेदारांची. कुळाच्या जागी भावाने "लागू नाही" लिहिलंय. दुसरा कागद त्याने मला कुरिअरने पाठवलाय, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली करून. आई सही करून मोकळी झाली. मी केलेली नाही, आणि भावाला फोनवर सांगितलंय की आधी दादांशी बोल, मग माझ्याशी.